पाळी गेल्यानंतरचे योनीमार्गातील जीवाणू : अभ्यास कशासाठी?

शर्वरी :
आईच्या पॅप स्मिअरच्या (गर्भाशयमुखाच्या पेशींच्या तपासणीच्या) अहवालात ‘डोडरलाइन बॅसिलाय आढळले नाहीत’ अशी एक ओळ होती आणि ती वाचून आई दोन दिवस अस्वस्थ होती. डोडरलाइन या जर्मन डॉक्टरांनी १८९२ मध्ये वर्णन केलेले हे लॅक्टोबॅसिलस, म्हणजे आम्ल तयार करणारे जीवाणू, योनीमार्गाच्या अस्तरातल्या ग्लायकोजेनवर (साठवलेल्या साखरेवर) पोसले जातात. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते, ग्लायकोजेन कमी होते, जीवाणू ओसरतात आणि पीएच ४.५ च्या वर जातो, म्हणजे आम्लता कमी होते. हा वयाचा बदल असताना त्याची गणना उणिवेत का व्हावी? अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ज्या अभ्यासाचा दाखला सर्रास दिला जातो, त्यातल्या ३९६ स्त्रिया प्रजननक्षम वयाच्या होत्या. आणि त्या निरोगी स्त्रियांतही सुमारे चौथा हिस्सा असा होता, जिथे लॅक्टोबॅसिलसचे वर्चस्व नव्हते. साठीतल्या स्त्रियांचा स्वतंत्र अभ्यास झाल्याखेरीज त्यांच्यासाठीचे ‘निरोगी’ ठरणार कसे?

अनघा :
असहमत. जीवाणू मोजून स्त्रीचा त्रास कमी होत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत कोरडेपणा, आग, संबंधांच्या वेळी वेदना अशा तक्रारी असलेल्या ३०२ स्त्रियांना १२ आठवडे योनीमार्गात ठेवायची इस्ट्रोजेनची गोळी, मॉइश्चरायझर किंवा तुलनेसाठी औषधाचा अंश नसलेले नुसते दिखाऊ उपचार (प्लॅसिबो) दिले गेले, आणि तिन्ही गटांना जवळपास सारखाच आराम पडला. पुढे त्यातल्याच नमुन्यांच्या तपासणीत इस्ट्रोजेनच्या गटात लॅक्टोबॅसिलस वाढलेले दिसले. जीवाणू परतले, तरी आराम इतरांइतकाच! मग त्यांच्यामागे पैसा कशाला? आपल्याकडे तर या तक्रारी डॉक्टरांपुढे बोलायलाच बायका लाजतात. आधी तो संकोच सुटू द्या.

विश्राम :
अनघाताई, तुमचे उदाहरण खरे आहे, पण ते कोरडेपणापुरते. वारंवार लघवीचा जंतुसंसर्ग होणाऱ्या स्त्रियांची गोष्ट निराळी आहे. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्रायलमधील चाचणीत अशा ९३ स्त्रियांपैकी काहींना एस्ट्रिऑलचे (इस्ट्रोजेनच्या एका प्रकाराचे) क्रीम दिले गेले. महिन्याभरात त्यांतल्या ६१ टक्के जणींत लॅक्टोबॅसिलस परतले, औषधविरहित क्रीमच्या गटात एकीतही नाही. आणि दर स्त्रीमागे वर्षाला होणाऱ्या संसर्गांचे प्रमाण औषधविरहित गटात ५.९, तर एस्ट्रिऑलच्या गटात अवघे ०.५ होते. दर दोन महिन्यांनी अँटिबायोटिकचा कोर्स घेणाऱ्या बाईला या आकड्याचे मोल विचारा.

शर्वरी :
विश्रामराव, हे मान्य. म्हणजे प्रश्न तक्रारीगणिक बदलतो, आणि अनघाताईंच्या चाचणीला मी त्यामुळेच अभ्यासाविरुद्धचा पुरावा मानत नाही, कारण जीवाणू आणि आराम यांची फारकत कळली तीही नमुने तपासले म्हणूनच. आईला लघवीचा त्रास कधीच झालेला नाही. ती ओळ मात्र अजून फायलीत आहे, पेन्सिलीने अधोरेखित केलेली.