शाळेच्या नव्या इमारतीसाठी बेंच घ्यायचेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेची नवी इमारत झाली, आता पहिली ते सातवीसाठी बेंच घ्यायचेत. दुकानदार सगळ्या वर्गांना एकाच उंचीचे दाखवतो. त्यात पहिलीच्या लेकराचे पाय लोंबकळतात अन् सातवीच्या पोराचे गुडघे फळीला अडतात. हे मला अजिबात पटत नाही. लहानग्यांना सतरंजी अन् बुटकं डेस्कच बरं, असं माझं मत. तुमच्याकडं काय करतात?

फळीचंही सांगा. एमडीएफ (लाकडाचा बारीक लगदा दाबून केलेला बोर्ड) पाण्यानं फुगतो, पत्रा एप्रिलच्या ४० अंशांत तापतो. मग वॉटरप्रूफ प्लायला सनमायका लावून घ्यावा का? नांदेड-लातूरकडं कुणी नुकतेच बनवून घेतले असतील तर बेंचच्या सांगाड्याच्या पाइपची जाडी अन् दर नक्की कळवा.