मदत हवी आहे: रेझिनमध्ये पांढरे केस पांढरेच कसे राहतील?

गेलेल्या कुत्र्याच्या शेपटीच्या टोकाचे केस इपॉक्सी रेझिनच्या (ओतल्यावर काचेसारखं पारदर्शक, घट्ट होणाऱ्या द्रवाच्या) पदकात जपायचे आहेत. झुबका जेमतेम बोटाच्या पेराएवढा. तेवढाच उरलाय, त्यामुळे चूक परवडणार नाही.

सौम्य शाम्पूने धुऊन ४८ तास वाळवलाय (ओल राहिली की रेझिन धुरकट होतं), बुडखा दोऱ्याने बांधलाय. केसांत अडकलेल्या हवेचे बुडबुडे होतात, म्हणून आधी काडीने रेझिन मुरवून मग ३ मिमीचे थर ओतणार.

अडचण रंगाची. कंगव्यातल्या केसांवर चाचणी केली, तर रेझिन शिरताच पांढरे केस काचेसारखे पारदर्शक झाले, दिसेनातच. आधी पांढऱ्या गोंदाचा पातळ हात दिला तर रंग टिकतो का? गोंदात पाणी किती घालायचं? की मागे गडद थर द्यावा?