शिंपल्यातला कार्बन तिवराचा की जीवाणूंचा? मदत हवी आहे

ऐरोलीजवळच्या खाडीत, तिवरांखालच्या चिखलातून, रीतसर परवानगी घेऊन आम्ही ल्युसिनिडी कुळातील नऊ शिंपले गोळा केले आहेत. या कुळातील शिंपल्यांच्या जाड कल्ल्यांतले सहजीवी जीवाणू सल्फाइडच्या (गंधकाच्या संयुगाच्या) ऑक्सिडीकरणातून मिळणाऱ्या ऊर्जेवर, रुबिस्को या विकराद्वारे, कार्बन डायऑक्साइड स्थिर करून यजमानाला पोसतात; मात्र शिंपला पाणी गाळून त्यातले प्लवक (तरंगणारे सूक्ष्मजीव) आणि तिवराच्या पानांचे कणही खाऊ शकतो, आणि दोहोंचा वाटा किती हे आम्हाला ठरवायचे आहे.

कल्ला आणि पाय वेगवेगळे वाळवून, आम्लाने कार्बोनेट काढून केलेल्या मोजणीत कार्बन-१३ चे मूल्य (प्रमाणित पदार्थाच्या तुलनेत या जड कार्बनचे प्रमाण किती कमी-जास्त आहे, ते) उणे २८ प्रति सहस्रच्या आसपास आले. तिवराच्या पानांचे मूल्यही जवळपास तेवढेच असते, हीच अडचण. सागरी प्लवकांचे मूल्य साधारण उणे २० असल्याने ते वेगळे काढता येतात, अर्थात सांडपाणी मिसळणाऱ्या आपल्या खाडीत तेही मी फार ठामपणे म्हणणार नाही.

सल्फाइडवर जगणाऱ्या जीवाणूंची खूण म्हणून गंधकाचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे हलके-जड प्रकार, जसे जड गंधक-३४) मोजावेत असे सुचवले गेले, परंतु तिवरही चिखलातील सल्फाइडचा गंधक शोषून घेऊ शकते. उरलेले ऊतक थोडेच असून ते गोठवलेले आहे, अल्कोहोलमध्ये ठेवलेले नाही. पावसाळा संपेपर्यंत नवे नमुने मिळणार नाहीत. एकच चाचणी शक्य असेल, तर गंधक-३४ मोजावा, की जीवाणूजन्य मेदाम्लांमधील (जीवाणूंनी बनवलेल्या, चरबीच्या घटक आम्लांमधील) कार्बन-१३?