जिमने धरलेला खांदा: आपापले अनुभव सांगा

कोकमसरबत:
काल माळ्यावरून पुरणयंत्र काढायला गेले, हात कानापाशी येऊन अडकला आणि 2019 आठवलं. बेंच प्रेस (बाकावर उताणं पडून बार छातीवरून वर ढकलायचा), 30 किलो, कोपरं दोन्ही बाजूंना सरळ फाकवलेली. कुणी टोकलं नाही. त्या दिवशी काहीच झालं नाही. आठवड्याने ड्रेसची मागची चेन लावताना कळ आली. मग त्या कुशीवर झोपणं बंद. फिजिओने हात बाजूने वर न्यायला लावला; अर्ध्यात जीव गेला, पार वर गेल्यावर दुखणं गायब. म्हणाली, रोटेटर कफच्या, म्हणजे खांद्याचा सांधा धरून ठेवणाऱ्या चार स्नायूंपैकी वरच्याचा कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) हाडाखाली चिमटतोय. तीन महिने बेंच बंद. रबरी पट्टा दाराच्या कडीला, कोपर नि बरगडीमध्ये टॉवेलची गुंडाळी, हात बाहेर न्यायचा. टॉवेल पडला की मोजणी पहिल्यापासून. नवरा मोजायचा आणि हसायचा.

रात्रपाळी:
मानेमागून प्रेस, बार मानेमागून डोक्यावर ढकलायचा. बास, एवढंच लिहितो.

चहाबाज:
अपराइट रो पण! बार थेट हनुवटीपर्यंत. आमचा ट्रेनर म्हणायचा, दुखतंय म्हणजे लागू पडतंय. हल्ली त्याच्याच खांद्याला पट्टी असते 😂

तालमीतला:
मुद्गल फिरवायचो तेव्हा कधी दुखलं नाही. जिम लावली, पोरांसमोर 80 किलो टाकले आणि बसलो. आता डंबेल, तळवे समोरासमोर, कोपरं अंगाशी 45 अंशात. वजन निम्मं. लाज सोडली.

शेवग्याचीशेंग:
मी वजनं न उचलताच अडकले, फ्रोझन शोल्डर. शुगर आहे ना. त्यात दुसऱ्याने धरून उचलला तरी हात वर जात नाही, तुमच्यापेक्षा वेगळं प्रकरण. कुकर झाला, येते.

रात्रपाळी:
एक राहिलं. डावा खांदा, छातीत जड, दरदरून घाम असेल तर पट्टाबिट्टा नको, थेट हॉस्पिटल. आमच्या जिममध्ये एकजण अर्धा तास बाम चोळत बसला होता. वाचला.

चहाबाज:
बापरे. @तालमीतला, मुद्गल केवढ्याचा घेऊ?

तालमीतला:
दोन किलोचा. आणि आधी पंख्याखालून बाजूला हो.

शेवग्याचीशेंग:
आले. कोकम, पुरणयंत्र निघालं का?

कोकमसरबत:
नवऱ्याने काढलं. बारीक जाळीच नाहीये त्यात 🤦‍♀️

शेवग्याचीशेंग:
पिठाच्या चाळणीवर घास गं. खांदा मात्र दुसरा वापर.