आईचा जन्म घरी झाला, नोंद कुठेच नाही. जन्मतारखेचा पुरावा काय द्यावा?

रामबागवाली, इंदूर

आईची जन्मतारीख सिद्ध करायची आहे आणि घरात तारखा निघाल्या तीन. आधारवर 1 जानेवारी 1952, कारण कॅम्पातल्या मुलाने नुसतं साल विचारलं आणि पुढचं आपोआप भरलं गेलं. पॅनवर 1 जुलै 1951. ही बाबांनी तिच्या शाळेच्या कागदावरून टाकली होती, तो कागद आता सापडत नाही. आणि पत्रिकेत शके 1874, आश्विन शुद्ध दशमी, म्हणजे 1952 चा दसरा. आई हीच खरी म्हणते: "माणसं सोनं घेऊन परत आली तेव्हा मी झालेली होते."

जन्म देवास जिल्ह्यातल्या एका खेड्यात, तिच्या आजोळी, सुइणीच्या हातून. भाऊ अमेरिकेचा नागरिक झालाय, त्याने आईच्या ग्रीन कार्डचा अर्ज केलाय आणि तिथे जन्मदाखला हवा. पासपोर्टही काढायचाय. इथल्या महापालिकेच्या झोन ऑफिसात बाबू म्हणाला, जन्म इंदूरचा नाही तर आमचा काय संबंध? बाहेर एक एजंट उभाच होता, "दीदी, आठ हजार, दाखला घरपोच."

शिवाय शाळेत माहेरचं नाव. लग्नात ताम्हनातल्या तांदळात लिहिलं ते वेगळंच, आणि बाकी सगळ्या कागदांवर तेच. कोणी यातून गेलंय का?

दांडियाबाजारकर, बडोदा

पासपोर्टची काळजी सोडा. जन्मदाखलाच हवा ही सक्ती 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना आहे. आईंना शाळेचा दाखला, पॅन, मतदार ओळखपत्र, एलआयसीची पॉलिसी, यांतलं काहीही चालेल. आमच्या आत्याचा पॅनवर निघाला. ग्रीन कार्डचं मात्र मला ठाऊक नाही.

छावणीचा बंड्या, इंदूर

1 जुलै! आमच्या घरात आजोबा, काका, आत्या सगळे 1 जुलैचे. शाळा उघडायची त्या दिवशी, मास्तर विचारायचे "किती वर्षांचा?" आणि मागे मोजून तीच तारीख टाकायचे. केक एकच आणतो आम्ही.

लष्करकर, ग्वाल्हेर

ताई, तहसिलीत रीडर, म्हणजे कोर्टाचा कारकून, म्हणून नोकरी झाली माझी आणि धाकट्या बहिणीचं हेच प्रकरण हाताखालून गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या एजंटला रामराम करा. सरकारी संकेतस्थळासारखी हुबेहूब दिसणारी बनावट संकेतस्थळं आहेत, त्यांवरचा क्यूआर कोडसुद्धा उघडतो. पण मी तर म्हणतो, खरा नवा दाखलाही काढत बसू नका. कायद्याने तो मिळतो. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात कलम 13(3) आहे, वर्ष उलटून गेलं की दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागतो. आधी हे प्रथम श्रेणी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होतं, 1 ऑक्टोबर 2023 पासून कलेक्टर, एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी) किंवा कलेक्टरांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आलं. पण त्या दाखल्यावर जन्म 1952 चा आणि नोंदणीची तारीख आत्ताची येणार. अमेरिकेचे लोक ती दुसरी तारीख बघतात आणि इतक्या उशिराची नोंद दिसली की जुना पुरावा मागतातच. मग सुरुवातच जुन्यापासून का करू नये?

जन्मगावच्या रजिस्ट्रारकडून अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्या, म्हणजे "शोध घेतला, नोंद नाही" असं लेखी. झोनवाल्या बाबूने तुम्हाला हाकललं, पण बोलला ते बरोबर. हे प्रमाणपत्र जिथे जन्म झाला तिथलंच लागतं. खेडं असेल तर पंचायत सचिवाला गाठा. अर्जात माहेरचं नाव, आजोबा-आजींचं नाव, गाव आणि साल लिहा.

मग शाळा. गावातली प्राथमिक शाळा आता वेगळी नसण्याची शक्यता आहे. 2018 मध्ये "एक परिसर एक शाला" म्हणून पुष्कळ शाळा एकत्र केल्या, तेव्हा दप्तर मोठ्या शाळेच्या कपाटात गेलं. तिथल्या प्राचार्यांकडे दाखल-खारिज रजिस्टर मागा, म्हणजे मुलं शाळेत आल्या-गेल्याची नोंदवही. आडवं, जाड पुठ्ठ्याचं, कडा वाळवीने खाल्लेल्या. बहिणीचं नाव बापाच्या नावावरून सापडलं, कारण मास्तरांनी तिचं नाव घरच्या हाकेचं लिहिलं होतं. जन्मतारीख अंकांत आणि पुढे अक्षरांतही होती, आणि शेवटच्या रकान्यात लाल शाईत शाळा सोडल्याचं कारण: "विवाह". तेव्हा तिला चौदावं लागलं होतं. असो. त्या नोंदीची प्रमाणित प्रत घ्या, सही-शिक्का आणि रजिस्टरचा अनुक्रमांक पाहून. दुसरी प्रत तेव्हाच मागून ठेवा.

आधारवर भिस्त नको. ऑक्टोबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने मोटार अपघात भरपाईच्या एका प्रकरणात आधारऐवजी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचं वय धरलं. रजिस्टरची प्रत हातात आली की आधारची तारीख तिच्याप्रमाणे करून घ्या, पण जपून. केंद्रावर ती दुरुस्ती एकदाच होते.

दोन शपथपत्रं लागतील, जन्माच्या वेळी हयात असलेल्या आणि स्वतःला माहिती असलेल्या माणसांची. नातेवाईक चालतात. आईंचा थोरला भाऊ किंवा बहीण आहे का?

रामबागवाली

काका, खूप आभार. मामा आहेत, 83 वर्षांचे, तल्लख. सुइणीला बोलवायला त्यांनाच पळवलं होतं. मावशीही आहे, उज्जैनला. पण मामांना दसरा आठवतो. त्यांच्याकडून 1 जुलै 1951 लिहून घ्यायचं का?

लष्करकर

मुळीच नाही. शपथेवर खोटं कशाला? त्यांना आठवतं तेच लिहू द्या: दसरा, कोणतं घर, आई-वडील कोण, सुईण कोणी आणली, हे त्यांना कसं माहीत. त्यांची स्वतःची जन्मतारीख, जन्मगाव, पत्ता आणि नातंही हवं. शाळेत वेगळी तारीख कशी पडली ते आईंनी स्वतःच्या शपथपत्रात सांगावं. दोन नावांचाही उलगडा त्यातच करा, लग्नाची पत्रिका किंवा जुना फोटो असेल तर जोडा. आणि भावाने अर्जात कोणती तारीख भरलीय?

रामबागवाली

आत्ताच विचारलं. पॅनवरची.

लष्करकर

मग पासपोर्टही त्याच तारखेवर काढा, पुढे सगळीकडे तीच. दसऱ्याचा खुलासा शपथपत्रात येईलच, पण त्याचा मसुदा भावाच्या वकिलाला आधी दाखवा, नोटरी नंतर. कागदांवर जन्माची दोन वेगळी सालं दिसणार आहेत, ते त्याच्या नजरेखालून गेलेलं बरं.

दांडियाबाजारकर

मामांच्या शपथपत्राचं काम आधी उरका, ताई. रजिस्टर कपाटात थांबेल.

रामबागवाली

रविवारी जातेच आहे त्यांच्याकडे. ते हिंदीत सांगतील, चालेल ना?

लष्करकर

चालेल. सोबत इंग्रजी भाषांतर जोडा. भाषांतर करणाऱ्याने खाली लिहून सही करायची, की भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात. शाळेच्या प्रतीलाही तसंच.