कापूस वेचणारा चार्ली प्राइड, कोणाला माहीत आहे का?

पऱ्हाटीवाला (मारेगाव तालुका)
मंडळी, मागच्या आठवड्यात कापूस घेऊन वणीला जिनिंगवर गेलो होतो. गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत, रात्र तिथंच काढली. बाजूच्या गाडीतल्या पोराच्या मोबाइलवर एक इंग्रजी गाणं वाजत होतं. मला त्यातलं 'कॉटन' तेवढं कळलं, पण आवाज असा की माणूस वावरातूनच बोलतोय. गाणारा चार्ली प्राइड. पोरगं म्हणे, हा लहानपणी कापूस वेचायचा, काळा होता, आणि गायचा ते गोऱ्यांचं समजलं जाणारं गाणं. हे खरं का? 'कंट्री' म्हणतात ते काय असतं?

विचारतो ते बाबांसाठी. चाळीस वर्षांपासून भजन गातात. एका गावी सप्त्यात त्यांना आधी आडनाव विचारलं, मग माइक काही हाती आला नाही. तेव्हापासून गावाबाहेर गायला जात नाहीत.

पेटीवाले काका (देवळी, वर्धा)
सगळं खरं आहे बेटा. मी फौजेत असताना एका साहेबांकडे त्याच्या कॅसेटी होत्या, तेव्हापासून ऐकतो. गावी आल्यावर चाली पेटीवर बसवून पाहिल्या. साध्या असतात, भजनासारख्या, दुसऱ्या कडव्याला आपणही गायला लागतो. कंट्री म्हणजे तिकडच्या खेड्यापाड्यातलं गाणं. गिटार, व्हायोलिन आणि साध्या बोलीत सांगितलेली गोष्ट.

त्याचा जन्म १८ मार्च १९३४ चा, मिसिसिपी राज्यातल्या स्लेज गावचा. अकरा भावंडं. बाप दुसऱ्याच्या जमिनीत बटईनं कापूस करायचा आणि पोरंही वेचायला जायची. घरी फिल्कोचा रेडिओ होता. त्यावर नॅशव्हिलहून 'ग्रँड ओल ऑप्री' हा गाण्यांचा कार्यक्रम लागायचा आणि हा पोरगा कान लावून बसायचा. चौदाव्या वर्षी गिटार मिळाली, ती आपली आपणच शिकला.

पण त्याला व्हायचं होतं बेसबॉलचा खेळाडू. वावरातून सुटायला त्याला तोच रस्ता दिसत होता. काळ्यांची लीग तेव्हा वेगळी होती, तिथं तो मेम्फिस रेड सॉक्सकडून खेळला. पुढं एका संघानं त्याला आणि आणखी एका खेळाडूला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं, आणि बदल्यात घेतली एक बस. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. बाजारात बैलजोडी बदलावी तशी दोन माणसं बदलली.

मग दोन वर्षं फौज, मग मोंटानात धातू गाळायच्या भट्टीवर काम. भट्टीच्या संघाकडून खेळायचा आणि सामन्याआधी पंधरा मिनिटं गायचा, त्याचे १० डॉलर वेगळे.

तुझ्या बाबांना सांगायची गोष्ट ही. १९६६ साली आरसीए कंपनीनं त्याची पहिली रेकॉर्ड काढली आणि रेडिओवाल्यांना पाठवली, पण सोबत फोटो दिला नाही. गाणारा काळा आहे हे कळलं तर कोणी वाजवणार नाही, ही भीती. आवाज पुढे गेला, माणूस मागं राहिला. त्याच वर्षी डेट्रॉइटला दहा हजार लोकांपुढं नाव पुकारलं, टाळ्या सुरू झाल्या. तो दिसला आणि टाळ्या थांबल्या. चिडीचूप. मला नेहमी वाटतं, ते दहा-बारा पावलं माइकपर्यंत चालणं त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड असेल. त्यानं स्वतःच हसून सांगितलं की माझा हा उन्हानं रापलेला रंग काही उतरायचा नाही, आणि गायला लागला. लोकांनी डोक्यावर घेतलं.

१९७१ ला वर्षाचा सर्वोत्तम कंट्री कलाकार. एकूण २९ गाणी कंट्रीच्या यादीत पहिल्या नंबरावर. रेडिओवर ऐकायचा त्याच ऑप्रीनं १९९३ ला त्याला आपला सदस्य करून घेतलं. १२ डिसेंबर २०२० ला कोरोनानं गेला, ८६ वर्षांचा होता. महिनाभर आधी नॅशव्हिलला स्टेजवर गायला होता.

तू ऐकलं ते १९७४ चं 'मिसिसिपी कॉटन पिकिंग डेल्टा टाउन' असेल.

तिसरा वेचा (राळेगाव)
काका, तुमचं वाचून लेकीला ते गाणं लावायला सांगितलं. मी स्वतः वेचायला जाते. सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, झाल्यावर पहिल्या वेच्याला बोंडं टपोरी असतात, हात भराभर चालतो. तिसऱ्या वेच्यापर्यंत पऱ्हाटी वाळून कडक होते, बोंडाची टोकं नखाच्या कडेला घुसतात. वावरात कळत नाही. संध्याकाळी भाजीला तिखट घालताना कळतं. लेकीनं जुने फोटो दाखवले, तिकडच्या बाया खांद्याला लांबच लांब पोतं अडकवून ते मागं ओढत वेचायच्या. आपण ओटी कमरेला बांधतो. पैसे मात्र त्यांनाही वजनावरच.

पऱ्हाटीवाले भाऊ, आमच्या गावात बायांचं भजनी मंडळ आहे. बाबांना घेऊन या. आमच्याकडे आडनाव कोणी विचारणार नाही, हा माझा शब्द. पेटी वाजवणारं मात्र कोणी नाही.

पेटीवाले काका
पेटी मी आणतो. देवळीहून राळेगाव काय लांब आहे? दिवस सांगा.

पऱ्हाटीवाला
काका, ताई, काल रात्री जेवणं झाल्यावर बाबांना गाणं ऐकवलं आणि काकांनी लिहिलेलं सगळं वाचून दाखवलं. डेट्रॉइटच्या गोष्टीपाशी त्यांनी थांबवलं, म्हणाले पुन्हा वाच. वाचलं. मग विचारलं, "तो माइकपर्यंत गेला ना?" म्हटलं, गेला. नंतर काही बोलले नाहीत. सकाळी उठून पाहतो तर खुंटीवरची खंजिरी ओसरीत उन्हात ठेवली होती, चामडं ताणायला.

सोमवारी आमच्याकडे वेचणी आहे. मंगळवारी दुपारच्या एसटीनं निघतो. ताई, कुठल्या फाट्यावर उतरायचं ते सांगा.