भुसावळ स्टेशनबाहेरचे बाबा बेपत्ता. नावही माहीत नाही, तक्रार कशी द्यायची?

तापीकाठ: रिक्षा थांब्याजवळ झोपणारे साठीतले बाबा बारा दिवसांपासून दिसत नाहीत. पांघरूण, पातेलं जागेवरच आहे. नाव, आधार, नातलग कोणालाच ठाऊक नाहीत. नातं नसताना मिसिंग (बेपत्ता झाल्याची पोलीस नोंद) दाखल होते का?

रावेरकर: होते. खबर कोणीही देऊ शकतं, चोवीस तास थांबायचा नियमही नाही. खरी अडचण वर्णनाची. नावाच्या जागी ‘अनोळखी, लोक बाबा म्हणतात’ लिहा, पण खुणा नेमक्या द्या: गोंदण, जुन्या जखमेचा व्रण, पडलेला दात, पायात काय होतं, बोली अहिराणी की हिंदी. अनोळखी मृतदेहाच्या पंचनाम्यातही हेच टिपतात. ‘वृद्ध, सडपातळ, दाढी वाढलेली’ एवढ्यावर कोणाचाच मेळ बसत नाही. फोटो नसेल तर रिक्षावाल्यांचे मोबाइल पाहा, एखाद्या फोटोत मागे बसलेले सापडतील.

हद्दीवरून फिरवाफिरव होते. स्टेशनबाहेर शहर पोलीस, फलाट-रुळांवर लोहमार्ग पोलीस; आरपीएफ (रेल्वे सुरक्षा दल) मिसिंग नोंदवत नाही. अर्ज दोन्हीकडे द्या, पोच आणि मिसिंग नंबर घ्या. सीसीटीव्हीचं मात्र आजच. जुन्यावर नवं रेकॉर्डिंग चढतं, बारा दिवस आधीच गेलेत. शेवटचे कधी दिसले ती तारीख आणि वेळ घालून फुटेज जपून ठेवण्याची लेखी मागणी करा.

गिरणाथडी: दवाखान्यात नावाने विचारू नका, तारखेने विचारा. नोंद ‘अनोळखी पुरुष’ अशीच असते. जळगावचं शासकीय रुग्णालय आणि धुळ्याचं हिरे रुग्णालय, दोन्हीकडे वॉर्डाबरोबर शवागाराचं रजिस्टरही बघायला सांगा. अकस्मात मृत्यू असेल तर नोंद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली पोलिसांकडे असते. आणि हे जंक्शन आहे: खंडव्याच्या गाडीत बसले असतील तर बऱ्हाणपूरपासून मध्य प्रदेश, जळगावहून सुरत लाइनला लागले तर नंदुरबारपुढे गुजरात. तिकडच्या रेल्वे पोलिसांनाही वर्णन पाठवायची विनंती अर्जातच करा.

तापीकाठ: बाबा कधी कधी एकटेच बोलत बसायचे. ते लिहू का?

रावेरकर: अवश्य. मानसिक आरोग्य कायदा 2017, कलम 100 प्रमाणे बेघर मनोरुग्णाची मिसिंग नोंदवून घरच्यांचा शोध घेणं ठाणेदाराचं कर्तव्य आहे. कोणी उपचाराला नेलं असेल, म्हणून ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी या चारही मनोरुग्णालयांत चौकशी व्हावी.

गिरणाथडी: एक राहिलं. पांघरूण धुऊ नका, हलवू नका. त्यावर केस असतील तर डीएनएसाठी कामी येतील. सफाईवाल्याने उचलण्याआधी पोलिसांना पंचनामा करून ताब्यात घ्यायला सांगा.